चाक फिरतंय, गाडी हलत नाही: ऑटोमॅटिक गाडी रिव्हर्समध्ये रुतली तर काय करायचं

ऑटोमॅटिक गाडी नवीन घेतलेल्या माणसाची पावसाळ्यात हमखास एकदा घालमेल होते. बांधालगत गाडी उभी केलेली असते, निघेपर्यंत पुढची चाकं चिखलात बसतात. रिव्हर्स टाकून रेस दिली की एक चाक जागेवर गरगरतं, इंजिन किंचाळतं आणि गाडी तसूभर हलत नाही. तेवढ्यात कुणीतरी काचेशी येऊन सांगतं, ‘अहो, ऑटोमॅटिक आहे ना, गिअरबॉक्स जाईल.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘काही होत नाही, दाबा जोरात.’

दोघंही अर्धेच बरोबर. चाक चार-पाच सेकंद रिकामं फिरलं म्हणून धडधाकट गिअरबॉक्स जात नाही. तो जातो तीन कारणांनी. एक म्हणजे गाडी जागेवर असताना आत चढत जाणारी उष्णता. दुसरं, फिरतं चाक अचानक पकड घेतं तेव्हा बसणारा दणका. आणि तिसरं, चाकं थांबायच्या आत रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये ओढलेला लिव्हर. यातलं कुठलं कारण तुमच्या गाडीला जास्त भोवेल, हे तिच्यात कुठल्या जातीचा ऑटोमॅटिक बसवलाय त्यावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी आपला गिअरबॉक्स ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली आपल्याकडे चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. आपल्याकडे कुठलं आहे ते ब्रोशरमध्ये किंवा मॅन्युअलमध्ये बघा. शोरूममधल्या सेल्समनला विचारण्यात फारसा अर्थ नाही, त्याच्या लेखी क्लच पेडल नसलं की सगळं एकच.

एएमटी आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला. मारुती त्याला एजीएस म्हणते. मुळात हा साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या हातापायांऐवजी ॲक्चुएटर नावाचं छोटं यंत्र करतं, एवढाच फरक. क्लच प्लेट तीच, कोरडी. इथे चाक मोकळं गरगरण्याची फार भीती नाही, कारण त्या वेळी क्लच पूर्ण बसलेला असतो आणि बसलेला क्लच घासत नाही. धोका आहे तो चाक खड्ड्यात घट्ट बसून अजिबात फिरत नसताना. तुम्ही हलकी रेस देत ‘आत्ता निघेल, आत्ता निघेल’ म्हणत राहता आणि प्लेट हाफ क्लचवर जळत राहते.

टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक म्हणजे ब्रेझा, अर्टिगा, आधीची ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा, हॅरियर, एक्सयूव्ही ७०० यांच्यातला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये इथे क्लच प्लेटऐवजी ऑइल असतं. इंजिनाच्या बाजूची पाती ऑइल फेकतात आणि त्या माऱ्याने समोरची पाती फिरतात. दोघांच्या वेगात जितकी तफावत, तितकं ऑइल तापतं. गाडी वेगात असताना ही तफावत मिटवायला आत एक लॉकअप क्लच असतो. रिव्हर्समध्ये तो सहसा लागत नाही, त्यामुळे तिथे सगळा भार ऑइलवरच.

सीव्हीटी होंडा सिटी, अमेझ, निसान मॅग्नाइटमध्ये मिळतो. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. पट्टा पुलीला निव्वळ दाबाने धरून असतो. हा गिअरबॉक्स उष्णता काही काळ सोसतो, पण दणका सोसत नाही. मोकळं फिरणारं चाक एकदम दगडावर चढून थबकलं, तर तो झटका पट्ट्यापर्यंत पोहोचतो. पट्टा क्षणभर जरी सरकला तरी पुलीच्या गुळगुळीत अंगावर ओरखडे येतात, आणि ते पुसता येत नाहीत.

डीसीटी ह्युंदाई, किया आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत असतो. यात दोन क्लच. फोक्सवॅगन त्याला डीएसजी म्हणते. तिच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर एका क्लचवर असतो आणि दुसरा, चौथा, सहावा व रिव्हर्स दुसऱ्यावर. गाडी मागेपुढे हलवत चिखलातून काढताना दोन्ही क्लच आळीपाळीने तापतात. दोघं एकाच घरात बसलेले, त्यामुळे एकाला विश्रांती मिळतेय असं वाटलं तरी खरी विश्रांती कुणालाच मिळत नाही. कोरड्या क्लचला थंड करायला ऑइलही नसतं.

हायरायडर, ग्रँड विटारा किंवा हायक्रॉसचा स्ट्राँग हायब्रिड घेतला असेल तर त्यात टॉर्क कन्व्हर्टरही नाही आणि पट्टाही नाही. रिव्हर्स निव्वळ इलेक्ट्रिक मोटरवर चालतो. नेक्सॉन ईव्हीसारख्या बॅटरीच्या गाडीत तर मोटर उलटी फिरली की झाला रिव्हर्स. जळायला क्लच नसला तरी पुढे सांगितलेला डिफरेन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) त्रास आणि दणका त्यांनाही चुकलेला नाही.

रिव्हर्समध्ये वेगळं काय असतं

ड्राइव्हमध्ये निसरड्या जागी बऱ्याच गाड्यांत मॅन्युअल मोडवर जाऊन दुसरा गिअर घेता येतो. चाकावरचा जोर कमी होतो आणि ते सहज सुटत नाही, म्हणजे पकड सोडून गरगरत नाही. रिव्हर्सला असा पर्याय नाही. गिअर एकच, आणि त्याचा जोर पहिल्या गिअरच्या आसपासचा. त्यामुळे पाय जरा जड पडला की चाक सुटलंच. रिव्हर्समध्ये तुमच्या हातात एकच नियंत्रण उरतं, ते म्हणजे उजवा पाय.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये आणखी एक गोष्ट घडते. दिशा उलटी करण्यासाठी आतल्या प्लॅनेटरी गिअरचा एक भाग गिअरबॉक्सच्या कवचाला घट्ट धरून ठेवावा लागतो. हे धरण्याचं काम घर्षणाच्या चकत्यांचा एक गठ्ठा करतो. त्यावर भार जास्त येतो, म्हणून रिव्हर्समध्ये ऑइलचं प्रेशर ड्राइव्हपेक्षा जास्त ठेवलेलं असतं. चकत्या झिजल्या किंवा प्रेशर कमी पडलं की तक्रार बऱ्याचदा आधी रिव्हर्समध्येच दिसते. ‘पुढे मस्त जाते, मागे घेताना मात्र दम लागतो’ हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू येतं ते यामुळे.

आता रिव्हर्सची चांगली बाजू, जी फारसं कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं ओढणारी असतात. गाडी मागे निघते तेव्हा वजन पुढच्या बाजूला झुकतं, म्हणजे नेमकं ओढणाऱ्या चाकांवर. पुढे जाताना उलट होतं. कोकणात घर रस्त्याच्या पातळीखाली असतं, अंगणातून गाडी चढावर मागे घेत रस्त्याला लावायची असते. तिथे अशी गाडी रिव्हर्समध्ये जेवढी नेटाने चढते, तेवढी तोंड वर करून चढेलच असं नाही. शिवाय आलो ती चाकोरी दाबून घट्ट झालेली असते. म्हणून रुतल्यावर रिव्हर्सनेच बाहेर पडायचा विचार करणं बहुधा योग्य असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीला हा फायदा मिळत नाही, रिव्हर्समध्ये तिची मागची चाकं हलकी होतात.

अडकणं दोन प्रकारचं

गिअरबॉक्सच्या दृष्टीने अडकणं दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हींत वेगळी वस्तू मरते. हा फरक कळला की पुढच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

पहिल्या प्रकारात चाक घट्ट बसलेलं असतं. रेस दिली तरी ते फिरत नाही किंवा जेमतेम कण्हतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या भाषेत हा स्टॉल. इंजिनाची सगळी ताकद तेव्हा ऑइल घुसळण्यात जाते, म्हणजेच उष्णतेत. ढोबळ हिशेब करून बघा. इंजिन त्या वेळी ३० किलोवॅट ताकद देतंय आणि गिअरबॉक्समध्ये ६ लिटर ऑइल आहे असं धरलं, तर ऑइलचं सरासरी तापमान दर सेकंदाला साधारण ३ अंशांनी चढतं. कन्व्हर्टरच्या आतलं ऑइल त्याहून पुष्कळ वेगाने तापतं. एरवी ऑइल ८० ते ९५ अंशांच्या आसपास असतं. दहा सेकंद दाबून धरलं की ते ११५-१२० च्या घरात गेलं, आणि तिथून पुढे त्याची अवस्था झपाट्याने बिघडते. मेकॅनिक मंडळींचा एक जुना अंदाज आहे की वरचे दर दहा-अकरा अंश ऑइलचं आयुष्य निम्मं करतात. वर्कशॉपमध्ये मुद्दाम स्टॉल टेस्ट घेतात, तेव्हाही ती ५ सेकंदांच्या आत आटपायची असते. गाडी उभी असल्यामुळे समोरून वाराही येत नाही, ऑइल कूलरची भिस्त काय ती रेडिएटरच्या पंख्यावर.

दुसऱ्या प्रकारात चाक मोकळं फिरतं. ओलं शेवाळ, गुळगुळीत चिखल, ओली फरशी. इथे कन्व्हर्टर फार तापत नाही, कारण आतली दोन्ही पाती जवळपास बरोबरीने फिरत असतात. मार बसतो तो डिफरेन्शियलला. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. काटा ४० दाखवत असेल तेव्हा सुटलेलं चाक ८० च्या वेगाने गरगरत असू शकतं. डिफरेन्शियलच्या मधले छोटे गिअर वळणावर थोडेसे फिरावेत अशा बेताने बनवलेले असतात. त्यांना असं भणाणत ठेवलं की त्यांच्या पिनवरचं ऑइल उडतं आणि धातूवर धातू घासतो. टायरही आतून तापतो, आणि फार वेळ चाललं तर फुटू शकतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या चाकाला खाली अचानक खडी लागली, तर त्याची सगळी गती एका क्षणात ॲक्सल, सीव्ही जॉइंट (ॲक्सलचा वळणारा सांधा) आणि गिअरबॉक्सवर येऊन आदळते.

म्हणूनच कंपन्या मॅन्युअलमध्ये आकडे देतात. सुझुकीच्या मॅन्युअलांत रुतलेली गाडी काढताना काटा ४० च्या वर जाऊ देऊ नका असं असतं. फोर्डच्या मॅन्युअलांत मर्यादा ताशी ५५ किलोमीटरची, आणि मागेपुढे हलवण्याचा प्रकार एका मिनिटाच्या वर नको. जीपच्या काही मॉडेलांच्या मॅन्युअलांत दर पाच झोक्यांनंतर किमान एक मिनिट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला सांगितलंय. माझ्या मते नवख्याने हे आकडे कमाल मर्यादा म्हणूनच वाचावेत. मऊ जमिनीत काटा १५-२० च्या वर गेला आणि गाडी हललेली नाही, तर ४० ला नेऊनही ती हलणार नाही, फक्त खड्डा खोल होईल.

प्रत्यक्ष गाडी काढताना

१. पाय काढा, खाली उतरा. पहिल्यांदा चाक सुटलं की दुसऱ्यांदा तेच करून बघायचा मोह होतो. आधी पार्क किंवा न्यूट्रल, हँडब्रेक, आणि उतरून बघा. कुठलं चाक फिरतंय? गाडीचं पोट जमिनीला टेकलंय का? पोट टेकलं असेल तर चाकं कितीही फिरवा, उपयोग नाही. मग सरळ सहाव्या पायरीवर जा. सायलेन्सरचं तोंड चिखलात बुजलंय का तेही बघा. बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवून काचा लावून आत बसणं जिवावर बेतू शकतं.

२. वजन आणि स्टिअरिंग. मागच्या सीटवरची मंडळी आणि डिकीतलं सामान खाली उतरवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागचं वजन कमी झाल्याने फायदाच होतो. स्टिअरिंग सरळ करा. वळवलेलं चाक चिखलात पाचरीसारखं अडकून बसतं. शिवाय चाक वळलेलं असताना दणका बसला तर सीव्ही जॉइंटवर सगळ्यात वाईट कोनातून बसतो.

३. चाकाला वाट करून द्या. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम. मागे जायचं असेल तर प्रत्येक रुतलेल्या चाकाच्या मागचा चिखल फावड्याने काढा आणि चढ सपाट करा, दहा-बारा इंच तरी. मग तिथे पकड द्या. जांभ्याचे चिरे ठोकून बारीक केलेले तुकडे, खडी, गोणपाट, नारळीच्या झावळ्या, काहीही चालेल. भाताचा पेंढा चालतो, पण ओला. सुका पेंढा तापलेल्या सायलेन्सरखाली जाऊन पेटू शकतो. फ्लोअर मॅट घातले तर ते वाया जाणार हे धरून चाला.

इथे रिव्हर्सची एक गंमत लक्षात ठेवावी. मागे जाताना चाकाचा खालचा भाग पुढे ढकलत असतो. म्हणजे चिखल, दगड, मॅट सगळं गाडीच्या पुढच्या दिशेला उडतं, आणि मदतीला आलेली माणसं बोनेटला हात लावून नेमकी तिथेच उभी असतात. ढकलणाऱ्यांना चाकांच्या रेषेतून बाजूला करा. लहान मुलांना तर लांबच ठेवा.

४. ट्रॅक्शन कंट्रोल. चाक गरगरू लागलं की ते आवरणारी ही यंत्रणा. पहिला प्रयत्न तो चालू ठेवून करा, कारण बऱ्याच गाड्यांत तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवतो. पण पेडल दाबूनही इंजिन मेल्यासारखं होत असेल तर सिस्टिम ताकद कापतेय. मग ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे ईएससीचं बटण दाबून ती बंद करा. बंद केल्यावर जबाबदारी पूर्ण तुमच्या पायाची, हे ओघाने आलंच. बाहेर निघालात की पुन्हा चालू करायला विसरू नका.

५. रिव्हर्स टाका, आणि थांबा. ब्रेक दाबून रिव्हर्स टाका, गिअर बसल्याचा हलका झटका जाणवू द्या, मग ब्रेक सोडा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी रेस न देताच सरकायला बघते. तेवढ्याने भागलं तर उत्तम. नाहीतर पेडल अगदी हळू दाबा. चाक सुटल्याचं कळलं की पाय वर. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फिरवून आजवर कुणाला चिखलात पकड सापडलेली नाही.

गाडी चार-सहा इंच हलत असेल तर झोके देता येतात. झोपाळ्याला धक्का द्यायचा तसंच: गाडी मागे जाईल तेवढी जाऊ द्या, पाय काढा, ती थबकली की ब्रेक दाबा, चाकं पूर्ण थांबली की ड्राइव्ह, पुन्हा हलका पाय. चाकं थांबणं हा यातला जीव आहे. चाक उलटं फिरत असताना ड्राइव्ह टाकलात तर ते थांबवण्याचं काम ब्रेकऐवजी गिअरबॉक्सच्या चकत्या किंवा क्लच करतो. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर असा गिअर काही वेळा नाकारतो किंवा उशिरा घेतो. त्याला वेळ द्या, लिव्हर खुडखुडत राहू नका.

पाच झोके झाले की न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, ऑइल फिरत राहतं आणि कूलरमधून थंड होऊन येतं. कोरड्या क्लचच्या गाडीत, म्हणजे एएमटी किंवा कोरड्या डीसीटीत, मला तीन झोक्यांवर थांबणं शहाणपणाचं वाटतं, आणि विश्रांतीही मोठी द्यावी, दहा-पंधरा मिनिटांची. सीव्हीटीत झोके द्यायचेच नाहीत असं मी सांगेन. तिथे फावड्याचं काम वाढवा.

या टप्प्यावर दोन प्रकार कटाक्षाने टाळायचे. एक म्हणजे न्यूट्रलमध्ये रेस वाढवून एकदम रिव्हर्समध्ये टाकणं. मॅन्युअल गाडीवर हात बसलेली मंडळी हा सल्ला आवर्जून देतात. दुसरा, डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने रेस देणं. पहिल्यात सगळा दणका एकदम बसतो आणि दुसऱ्यात तुम्ही स्वतःच्या हाताने स्टॉल टेस्ट घेत असता. इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हळू रेस दिली, तर सुटलेलं चाक थोडं अडतं आणि ताकद दुसऱ्या चाकाला मिळते. तेवढी युक्ती उपयोगी आहे, पण तीही काही सेकंदांपुरतीच.

जळका वास, डॅशबोर्डवर गिअरबॉक्स किंवा क्लच तापल्याची सूचना, किंवा इंजिनाचा आवाज चढतोय पण चाकही फिरत नाही, यातलं काहीही आलं की त्या दिवसापुरते प्रयत्न संपले. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाडीत पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून ऑइल थंड होऊ द्या. कोरड्या क्लचच्या गाडीत बोनेट उघडून नुसती वाट बघा.

६. ट्रॅक्टर बोलवा. खरं तर नवख्याने ही पायरी चौथ्या क्रमांकावर आणली तरी चालेल. गावात ट्रॅक्टरवाला जे पैसे घेईल, त्यापेक्षा डीसीटीचा क्लच सेट कित्येक पटींनी महाग पडतो. टूलकिटमधला हुक बंपरवरचं झाकण काढून पूर्ण पिळून बसवा आणि दोर त्यालाच बांधा, खालच्या सस्पेन्शनच्या दांड्याला नाही. ओढताना दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभं राहू नये. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. एएमटी गिअरमध्ये असताना बंद झाली असेल तर इग्निशन चालू करून, ब्रेक दाबून न्यूट्रल घ्यावा लागतो, नाहीतर चाकं अडलेलीच राहतात. चिखलातून कडेपर्यंत चार-दहा मीटर ओढण्याने काही बिघडत नाही. तिथून पुढे गॅरेजपर्यंत मात्र ओढणारी चाकं रस्त्यावर ठेवून नेऊ नका. इंजिन बंद असलं की बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंपही बंद असतो. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागवा.

वाळू आणि बर्फ

चिखलात चाक थोडं फिरून खालच्या घट्ट मातीला लागायची शक्यता असते. वाळूत तीही नाही. तिथे फिरणारं चाक म्हणजे खोदणारं यंत्र. काशिद, नागाव, दिवेआगरच्या किनाऱ्यावर उत्साहाने गाडी उतरवणाऱ्यांचे व्हिडिओ दर हंगामात फिरतात. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात बेकायदा आहे, आणि रायगड-रत्नागिरीतही पोलीस गुन्हे नोंदवतात. तरीही कुठे परवानगीच्या वाळूच्या जागी रुतलात, तर टायरची हवा ३२-३३ वरून १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, कमी खचतो. ही एक गोष्ट कुठल्याही रेसपेक्षा जास्त काम करते. मात्र डांबरी रस्त्यावर आल्यावर पहिल्याच पंक्चरवाल्याकडे हवा भरून घ्या. भरतीची वेळ जवळ असेल तर स्वतःचे प्रयोग करत बसू नका. खारं पाणी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) आत गेलं तर ऑइल बदलून सुटका होईलच असं नाही.

टोरांटो किंवा शिकागोकडे नव्याने गेलेल्यांना हेच बर्फात करावं लागतं. तिथे चाक फिरलं की खालचा बर्फ वितळून लगेच काचेसारखा गोठतो, त्यामुळे दोन-तीन सेकंदांची मर्यादा तिथे आणखी कडक पाळावी. चाकापुढे-मागे टाकायला डिकीत वाळूची पिशवी ठेवण्याची तिथली सवय चांगली आहे.

बाहेर निघाल्यावर

लगेच हायवेला लागू नका. आधी चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल धुवा. रिमच्या आत थापलेला चिखल चाकाचं संतुलन बिघडवतो आणि ६०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक याला गिअरबॉक्सचा बिघाड समजून घाबरे होतात. धुतल्यावर खाली वाकून बघा. ॲक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का, त्यातून ग्रीस उडालंय का, कुठे ऑइलचा थेंब पडतोय का.

मग सपाट जागी एक साधी चाचणी घ्या. ब्रेक दाबून न्यूट्रलमधून रिव्हर्स टाका आणि गिअर बसायला किती वेळ लागतो ते बघा. दोन सेकंदांच्या वर गेला, किंवा आधी काही नाही आणि मग धाडकन बसला, तर नोंद ठेवा. तसंच ड्राइव्हमध्ये करून बघा. पुढचे काही दिवस तीन गोष्टींकडे कान द्या: रिव्हर्समध्ये थरथर, गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढून मग गाडी निघणं, आणि पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकाकडून कट-कट आवाज. शेवटचा आवाज सीव्ही जॉइंटचा असतो, गिअरबॉक्सचा नाही, आणि खर्चही बराच कमी.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

‘गिअरबॉक्स आवाज करतोय’ एवढंच सांगितलं तर मोठं काम निघतं. काय घडलं ते सांगा: किती वेळ चाक फिरलं, वास आला का, कुठली सूचना दिसली. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड वाचायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. एएमटी आणि डीसीटीत क्लच किती झिजलाय याचा अंदाज बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरच मिळतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ऑइल बघायला सांगा. नव्या गिअरबॉक्सांना बहुधा डिपस्टिक नसते, लिफ्टवर घेऊन ठरावीक तापमानाला लेव्हल प्लग उघडून बघावं लागतं. दोन मिनिटांत ‘बघितलं, ठीक आहे’ म्हणणाऱ्याने ते बघितलेलं नसतं. जुनं ऑइल गडद दिसणं एवढ्यावरून काही ठरत नाही, जळका वास आणि त्यात काळा बुकणा असेल तर मात्र चकत्या झिजल्याची ती खूण. नुसता वास असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदलून काही दिवस चालवून बघा. गिअरबॉक्स खोलायची घाई करू नये.

आणि नवीन ऑइल भरताना समोर उभे राहा. सीव्हीटीचं ऑइल, टॉर्क कन्व्हर्टरचं ऑइल (एटीएफ), डीसीटीचं आणि एएमटीचं गिअर ऑइल ही वेगवेगळी रसायनं आहेत, डबे मात्र बघायला सारखेच. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो, आणि चिखलातून जे वाचलं ते सर्व्हिसिंगमध्ये जातं. डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी ताडून बघा, सील तोडायच्या आधी.